इलिशबंदीची सोपी बातमी

अल्लाची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा. मेघना नदीत इलिश मासा धरायला बंदी आली होती. पेपरातली बातमी लांबलचक, अन् मला जोडाक्षरातच दम लागतो. माझ्या लेकीनं, हालिमानं, फोनमधल्या एआयला ती सोपी करायला सांगितली. मोठ्या अक्षरांत दोनच ओळी आल्या: 'आजपासून इलिश धरू नका. जाळं जप्त होईल.' बोट ठेवून मीच वाचल्या अन् घाटावर धावले. जावई शुकूर नाव सोडत होता.

"जावईबापू, उतरा. जाळं जाईल, बातमी वाचली मी."

"आम्मा, तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?"

"आत्तापासून. आधी उतरा, मग हसा."

जाळं वाचलं. ज्यानं ते एआय घडवलं, त्याच्या ताटात रोज मासा पडो. तेवढ्यात वासराएवढा इलिश वर आला अन् मला सलाम करून गेला.

बरं, वासराएवढा नव्हता. नेहमीएवढाच होता.