आंदणातली बोअर

कामावरून आल्यावर बोअरवाला आधी कानातली दगडाची भुकटी काढायचा. अंगणातल्या दगडावर बसून, ओल्या फडक्याच्या टोकाने. बायको शेजारी तांब्याभर पाणी ठेवायची. तोंड, हात, पाय, सगळं तेवढ्यातच. जन्मभर लोकांच्या दारात पाणी काढणाऱ्याच्या घरी पाणी मात्र टँकरचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"उद्या पाहुणे येताहेत," बायको म्हणाली.

"हं."

"धाकटी पसंत आहे त्यांना. बोलणी तेवढी राहिलीत."

"हं."

थोरली मुलगी गेल्यापासून त्याच्या तोंडात एवढं एकच अक्षर उरलं होतं. तो रडला नव्हता. जेवायचा, बोअरची गाडी घेऊन जायचा, झोपायचा. कुणी विचारलं तर बरा आहे म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला काही होतच नव्हतं.

त्या भागातली रीत इथे सांगायलाच हवी. पूर्वी मुलीला आंदण म्हणून भांडीकुंडी देत. जमिनीतलं पाणी खाली गेलं तशी मागणीही बदलली. आता मुलीच्या बापाने जावयाच्या अंगणात बोअर मारून द्यायची, आणि तीसुद्धा शेजारच्या सुनेच्या बापाने दिलेल्या बोअरपेक्षा खोल. 'आम्हाला हुंडा नको हो' म्हणणारी सभ्य माणसं हे मागत. 'पाणी शेवटी तुमचीच मुलगी पिणार ना?' यावर बाप काय बोलणार? पण जमिनीखालचं पाणी काही कुंपण बघून थांबत नाही. खोल बोअर झाली की बाजूची उथळ बोअर आटायची. मग पुढचं लग्न, आणखी खोल बोअर. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. या लोकांचं निराळंच! पुढच्याला ठेच लागली, की मागचा त्याहून मोठा दगड घेऊन हजर.

थोरलीच्या सासरची बोअर बापानेच मारली होती. पाणी असं लागलं की सासूने शेजारणींना बोलावून दाखवलं. काही दिवस सुनेचं कौतुक झालं. मग शेजारच्या मुलाचं लग्न ठरलं, होणाऱ्या सुनेच्या बापाने गाडी सांगितली, आणि गाडी याचीच होती. थोरलीची आटणार हे त्याला कळत होतं. आपण नाही म्हटलं तर दुसरी गाडी येईल, धंदा आहे, असं त्याने मनाला समजावलं. थोरलीने कुंपणावरून बापाला चहा दिला होता, तो पिऊन त्याने काम सुरू केलं.

उन्हाळ्यात थोरलीची बोअर आटली. "बापाने फसवलं आम्हाला," म्हणत सासूने तिच्या हातात दोर आणि बादली दिली. परसातल्या जुन्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी झिरपायचं, ते भरायला रोज तिलाच उतरवायचे. एका सकाळी विहिरीची कड ढासळली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बापानेही हलवली.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा अबोल होता, पण धाकटीकडे बघून हसला, आणि तिलाही तो आवडला होता. बोलायचं काम त्याच्या मामाकडे होतं.

"आम्हाला काही म्हणजे काही नको!" मामा म्हणाले. "अंगणात एक बोअर तेवढी मारून द्या. तुमची तर घरचीच गाडी. हलवायाच्या घरच्या लग्नात कुणी मिठाई विकत आणतं का?"

धाकटीची आई तोंडभर हसली. हे लग्न मोडू नये म्हणून ती हव्या तेवढ्या विनोदांना हसायला तयार होती. धाकटीने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"एक विचारू?"

"विचार की!"

"तुमच्या शेजारी सून आहे?"

"आहे ना! तुझ्याच वयाची. मैत्रीण मिळेल तुला."

"तिच्या माहेरची बोअर आहे?"

"आहे, पण उथळ. तुझी तिच्या दीडपट खोल जाईल. ती बसेल बघत!" मामा खो खो हसले.

धाकटी बापाकडे वळली. "बाबा, आपली बोअर झाली की तिची आटेल?"

बोअरवाला भिंतीकडे बघत होता. आई डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"आटेल," तो म्हणाला.

"मग तिला विहिरीत उतरवतील. वरून दोर कोण धरणार, मी?"

"पोरी, भलतंसलतं बोलू नये," मामा म्हणाले. "आम्ही त्यातले नाही."

"ताईच्या सासरचेही त्यातले नव्हते." तिचा आवाज चढला नाही. "मला तुमच्या घरी यायचंय. पण बोअर येणार नाही. नुसती मी चालत असेन तर सांगा."

मुलगा कपात बघत राहिला. घरी विचारून कळवतो, असं सांगून मामा उठले. ते कळवणार नव्हते, हे उंबरठ्याशी चपला घालतानाच सगळ्यांना कळलं.

"झालं समाधान?" आई म्हणाली. एक मुलगी विहिरीत गेली, दुसरी आता घरात बसणार, याचं तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिने कपबश्या विसळल्या आणि ते पाणी सवयीने बादलीत जपून ओतलं. धाकटीने कपबश्या पुसायला घेतल्या. डोळे तिने पुसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक माणूस अंगणात आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, गाडी हवी होती.

"लग्नाची बोअर मी मारत नाही," बोअरवाला म्हणाला.

"अहो, असं कसं? तुम्ही नाही तर दुसरा कुणीतरी मारेलच."

"मीही असंच म्हटलं होतं. थोरलीची बोअर मीच आटवली. शेजारी खोल मारून. तिच्याच हातचा चहा पिऊन."

बायको दारात उभी होती. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. त्याच्या तोंडून ती आज ऐकत होती.

माणूस चुळबुळला. "मग दुसरी गाडी बघतो."

"बघा. आणि त्या गाडीवाल्याला मुलीच्या सासरचा पत्ता नीट लिहून द्या. पुढच्या वर्षी शेजारी आणखी खोल मारायला तीच गाडी लागेल."

माणूस निघून गेला. त्याला गाडी मिळालीही असेल. गाड्यांना काय तोटा?

वाचकहो, तुमच्या अंगणातली बोअर कुणाच्या बापाने मारून दिली, ते आठवून बघा. आणि मग एकदा कुंपणापर्यंत जा. पलीकडे कुणी हातात दोर घेऊन उभी आहे का, तेवढं बघून या.