अनलिमिटेड पाणी

लाखनीजवळच्या त्या गावात घनश्यामनं घरोघरी इंटरनेटची वायर ओढली, तेव्हा रुखमाबाईनं त्याला तोंडावर विचारलं होतं, "किती वापराचं जी?" घनश्याम छाती फुगवून म्हणाला, "काकू, अनलिमिटेड! दिवसरात्र वापरा." घ्या! बाईनं विश्वास ठेवला.

रुखमाबाईची लेक मनाली बी.कॉम. झालेली. पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत घरबसल्या लॅपटॉपवर होणार होती. पोरीनं व्हिडिओ पाहून पाहून तयारी केली. आणि ऐन मुलाखतीत चित्र अडकलं, तिचं तोंड पडद्यावर उघडं ते उघडंच राहिलं. समोरच्या मॅडम "हॅलो, हॅलो" करून कंटाळल्या आणि त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. हातची नोकरी गेली. पोरगी रडून रडून आजारी पडली.

रुखमाबाई तणतणत घनश्यामच्या दुकानात गेली, मागोमाग मनाली.

"काहून बंद केलं रे माह्या पोरीचं?"

"बंद कोठं केलं काकू? महिन्याची लिमिट संपली, म्हणून स्पीड कमी केली. एकाच घरानं सारं ओढलं तं बाकीच्याइनं काय करावं?"

"लिमिट लावा ना," मनाली म्हणाली, "पण पहिले सांगा. सरकारचा नियम आहे तसा."

"मंग जाय, सरकारले सांग!" घनश्याम फिदीफिदी हसला.

पानठेल्यावर वाद रंगला. कोणी म्हणे, लिमिट पाहिजेच. कोणी म्हणे, मंग अनलिमिटेड कायले म्हणतेस लेका? बोलून बोलून लोक थकले, घनश्यामच्या केसालाही धक्का लागला नाही. रुखमाबाई मात्र दात-ओठ खात घरी गेली.

आता झालं असं, की बोडीच्या तळ्याचं पाणी आधी रुखमाबाईच्या धानाच्या बांधीत यायचं आणि तिच्या मातीच्या धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून खाली घनश्यामच्या धानात उतरायचं. दोन्ही घरांचा जुना बोल होता, लागेल तेवढं घ्या. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. घनश्यामचं धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेताला आलं, आणि रुखमाबाईनं फावडा घेऊन ते तोंड चिखलानं लिंपलं. बोटभर फट तेवढी ठेवली.

घनश्याम बोंबलत आला. "काकू, पाणी काहून बंद केलं?"

"बंद कोठं केलं रे? स्पीड कमी केली."

धुऱ्यावरचे मजूर पोट धरून हसले. रुखमाबाईला असं गार वाटलं म्हणता!

घनश्यामच्या बांधीला भेगा पडल्या. "काकू, तुमची लिमिट काढून टाकतो," तो गयावया करू लागला. "पोरीची नोकरी आणून देतेस का?" रुखमाबाईनं विचारलं. तो खाली मान घालून निघून गेला.

मग त्याची बायको केशरबाई आली. "बाई, धानानं तुमचं काय बिघडवलं वो?" म्हणत पदरानं डोळे पुसू लागली. रुखमाबाईही शेतकरीणच. उभं पीक वाळताना वैऱ्याचंही पाहवत नाही. तिनं तोंड मोकळं करायला फावडा उचलला.

मनालीनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"घाई कायची काकू?" ती केशरबाईला गोड आवाजात म्हणाली. "पुढच्या महिन्यात नवी लिमिट भेटंल ना."

पुढच्या महिन्यापर्यंत लोंब्या पोचट झाल्या. घनश्यामनं त्या धानात गुरं सोडली. मनाली धुऱ्यावर उभी राहून शेवटचा पट्टा चरून होईपर्यंत पाहत होती, आणि घरी येऊन पोटभर जेवली.