कस्तुराच्या कार्डाची डबी

मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, माझी हरकत नाही. पण डबी म्हटल्यावर लगेच तपकिरीची किंवा कुंकवाची डबी डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. मी खेळाडूंची कार्डं जपून ठेवायची डबी आहे. तळहाताएवढी, चपटी आणि आरपार दिसणारी. माझा सगळा तोरा त्या आरपार दिसण्यातच आहे.

कुरुळीतल्या एका लहान मोल्डिंगच्या कारखान्यात माझा जन्म झाला. प्लास्टिकचे दाणे वितळले, साच्यात शिरले आणि थंड झाल्यावर मी बाहेर पडले. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि 'ओके' म्हटलं. खोक्यातल्या बाकीच्या डब्यांनाही त्या तेच म्हणाल्या होत्या, पण ते मी मनावर घेतलं नाही.

पुढे मी थेरगावच्या आम्रपालीकडे आले. आम्रपाली शाळेच्या कबड्डी संघात खेळायची. तिने माझ्या पोटात कस्तुरा नावाच्या चढाईपटूचं कार्ड ठेवलं. त्यावर कस्तुराची निळ्या शाईतली सही होती. एका सामन्यानंतर दोन तास रांगेत उभं राहून आम्रपालीने ती मिळवली होती. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी मी बाहेर येई. ते माझे मानाचे दिवस होते. लोक कस्तुराला बघत हे मला कळायचं, पण बघत माझ्यातूनच ना.

मग आम्रपालीची मैत्रीण दिव्या सरावात पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. संघातली जागा हुकली म्हणून ती कुणाशी धड बोलेना. आम्रपाली तिच्या घरी गेली आणि तिने मला दिव्याच्या हातात ठेवलं.

"तू मैदानावर येशील त्या दिवशी परत दे," ती म्हणाली. "तोवर कस्तुरा तुझ्याकडे."

दिव्याने मला जीव लावला, पण तिची पद्धत चुकली. ती मला दप्तरात ठेवायची, तेही किल्ल्या आणि कंपासपेटीच्या शेजारी. दोन महिन्यांत माझ्यावर इतके ओरखडे उठले की कस्तुरा धुक्यात उभी आहे असं वाटे. प्लास्टर निघालं, सोमवारी सरावाला जायचं ठरलं आणि शनिवारी दिव्याने मला पहिल्यांदा नीट उजेडात धरलं. तिचा चेहराच उतरला.

"तिने विश्वासाने दिली होती, पप्पा," ती वडिलांना म्हणाली. "आता कोणत्या तोंडाने परत देऊ?"

तिचे वडील ज्योतीराम मूळचे बीडकडचे, चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, कामाला. तिथे रंगाचा कसलाही डाग थिनरने निघतो, म्हणून जगातली प्रत्येक गोष्ट थिनरने साफ होते यावर त्यांचा ठाम विश्वास. फरशीवरचा रंग असो की डब्यावरचं लेबल, इलाज एकच.

"आण इकडं. दोन मिन्टांत चकाचक करतो बघ."

त्यांनी चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि मनापासून घासली. मित्रांनो, माझ्या अंगाची आग आग झाली. ओरखडे तर गेले नाहीतच, वर सगळं अंग पांढरट पडलं. त्यातच एक थेंब फटीतून आत उतरला. मला तो अडवता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं. ज्योतीराम चिंधी हातात घेऊन बसून राहिले.

"चुकलंच माझं, पोरी," ते म्हणाले.

दिव्या मला घेऊन शेजारच्या वर्षालीमावशीकडे गेली. मावशी गाड्यांचे हेडलाइट बनवणाऱ्या कंपनीत होती. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकच्या काचा घासून पुन्हा स्वच्छ करणं हेच तिचं रोजचं काम. तिने मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"पुसण्याआधी आतलं कार्ड काढलं होतं का?"

कुणीच काढलं नव्हतं. मावशीने मला उघडलं. सहीचं शेवटचं अक्षर विरघळून कोपऱ्यात निळा डाग पसरला होता. दिव्याला रडू आवरेना.

"सहीचं माझ्या हातात नाही गं," मावशी म्हणाली. "डबीचं मात्र तुझ्या हातात आहे. दाखवते, तू कर."

रविवारी दिवसभर तेच चाललं. कार्ड बाजूला ठेवून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, आधी आडवा घासायचा, मग त्याहून बारीक घेऊन उभा. सुरुवातीला मी आणखीच पांढरी झाले आणि दिव्या घाबरली. "अशीच दिसते आधी," मावशी म्हणाली. "मोठा ओरखडा घालवायला बारीक ओरखडे पाडावे लागतात." ज्योतीराम शेजारी बसून तांब्याने पाणी घालत होते, न विचारता. शेवटी पेस्ट लावून मऊ कापडाने पुसल्यावर मी पुन्हा लखलखले. फक्त एक कोपरा पांढरट राहिला होता. दिव्याने कार्ड आत ठेवून पाहिलं, तर डाग नेमका त्याच कोपऱ्याखाली गेला.

"तेवढा कोपरा राहू दे तसाच," ज्योतीराम हळूच म्हणाले. "डाग झाकून जाईल. आम्रपालीला कळायचं बी नाही."

खरं सांगते, मलाही ते पटलं. दोघींची मैत्री वाचत असेल तर एक कोपरा पांढरा राहिल्याने माझं काय बिघडणार होतं? दिव्याने मात्र कार्ड बाहेर काढलं आणि पेपर पुन्हा पाण्यात बुडवला.

"तिला नाही कळणार, पप्पा. पण मला माहीत आहे ना."

सोमवारी मैदानावर आम्रपालीने हात पुढे केला, तेव्हा दिव्या आधी बोलली. "सहीचं शेवटचं अक्षर गेलं. पुसताना कार्ड काढून ठेवायला हवं होतं, मी ठेवलं नाही." वडिलांचं नाव तिने घेतलं नाही. आम्रपाली माझ्यातून त्या डागाकडे बघत राहिली. इतकी स्वच्छ मी जन्मल्या दिवशीही नव्हते आणि इतकी भीतीही मला कधी वाटली नव्हती.

सराव सुरू झाला तरी मी आम्रपालीच्या मुठीतच होते आणि दिव्या रेषेबाहेर मान खाली घालून उभी होती. आम्रपालीची चढाईची पाळी आली. ती दोन पावलं गेली, थांबली आणि मागे वळून दिव्यापाशी आली.

"हिला धर," मला पुढे करत ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाकडे देऊ?"

दिव्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

मित्रांनो, आम्हाला पुसण्याआधी आतलं कार्ड बाहेर काढून ठेवा आणि थिनर पेंट शॉपमध्येच राहू द्या. एवढं करूनही कधी डाग पडलाच, तर तो लपवायला आमचा कोपरा पांढरा ठेवू नका. घासा आम्हाला, आम्ही सोसू.