काचेवर पसरलेला ताका

बालमित्रांनो, मी एक जुनी काच आहे. माझ्यात कुणी तोंड पाहत नाही. सुरतेजवळ बमरोलीला गोपालशेठांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात, दारापाशी सागवानी चौकटीवर मी आडवी पडलेली आहे. माझ्या पोटाखाली दोन ट्यूबलाईट आहेत. विणलेलं कापड माझ्यावरून ओढलं की खालचा उजेड त्यातून वर येतो आणि कुठे धागा तुटला, कुठे जाळी पडली, कुठे तेलाचा डाग लागला ते डोळ्यांना दिसतं. माझं कामच ते. कापड लपवतं ते मी उघडं करते.

मी इथे आले तेव्हा गोपालशेठांचे केस काळे होते आणि कारखान्यात अवघे बारा लूम होते. हातगाडीवरून उतरवताना माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. शेठ हळहळले. सुताराने तिथे पत्र्याची पट्टी ठोकली आणि मी कामाला लागले. तेव्हापासून किती कापड माझ्या अंगावरून गेलं ते मला सांगता येणार नाही. पण हात मला आठवतात.

सगळ्यांत जास्त आठवतात ते सुभद्राबाईंचे. त्या अमळनेरकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या आणि चार बायकांच्या टोळीत कापड तपासायला बसल्या. त्या डोळ्यांआधी बोटांनी पाहायच्या. दोष सापडला की कापडाच्या किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायच्या, म्हणजे घडी घालणाऱ्याला दोषाची जागा कळे. बारीकसा धागा वर आला असेल तर चिमट्याने ओढून कैचीने कापून टाकायच्या आणि गाठ मारायच्याच नाहीत. "एवढ्यासाठी कोणाले कशाले बोल लावाना?" असं आपल्या अहिराणीत म्हणायच्या. शेजारच्या बायका हसायच्या. गोपालशेठ येता-जाता म्हणायचे, "सुभद्राबाईच्या हाताखालून गेलेला ताका मी उघडूनसुद्धा बघत नाही." ताका म्हणजे कापडाचा लांबलचक गठ्ठा. ते कौतुक मी माझंही समजत होते.

मग गोपालशेठांची सून मयुरीबेन कारखान्यात येऊ लागली. शिकलेली, चटपटीत, आणि खरं सांगायचं तर मनाने चांगली. तिने प्रत्येक लूमवर छोटं यंत्र बसवलं. कोणता लूम बंद आहे ते ऑफिसात बसून कळू लागलं. पूर्वी एखादा लूम तासभर बंद पडून राहायचा, आता मिस्त्री लगेच पोहोचायचा. हे मला आवडलं, नाही म्हणत नाही.

पण एके दिवशी माझ्या डोक्यावर कॅमेरा टांगला गेला. तो मला पहिल्यापासून आवडला नाही. दिवसभर बघायचा आणि बोलायचा काहीच नाही.

"मासी, तुम्ही रोज करता तसंच करा," मयुरीबेन सुभद्राबाईंना म्हणाली. "हे तुमच्याकडून शिकणार आहे."

"मी याची मास्तरीण?" सुभद्राबाई म्हणाल्या. "आन हा चुकला तं छडी कोणाले मारू?"

बायका खूप हसल्या. दोन महिने सुभद्राबाईंनी अगदी जीव लावून काम केलं. एरवी सोडून दिले असते ते दोषही दाखवले, कारण आपलं शिकवणं कच्चं राहू नये. दोष सापडला की गाठ, गाठ मारली की कॅमेरा टिपणार. तो शिकत होता. काय शिकत होता ते मात्र कुणी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी माझ्यासमोर नवं यंत्र उभं राहिलं. त्यातून ताका सरसर जायचा. दोष दिसला की लाल दिवा लागायचा आणि तो ताका कोणत्या कारागिराचा हे आपोआप नोंदलं जायचं. तेलाचे डाग, तुटके धागे ते पटापट पकडायचं. बाहेरून येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. मान धरून घरी जाणाऱ्या बायकांची मान आता दुखत नव्हती, कारण कामावर त्या राहिल्याच नव्हत्या. चौघींपैकी तिघी गेल्या. सुभद्राबाईंना घडी घालायला ठेवलं. माझ्या ट्यूब बंद झाल्या. माझ्यावर रिकामी खोकी आणि कुणाकुणाचे डबे आले. धूळ इतकी साचली की त्यावर बोटाने कुणी तरी मोबाईल नंबर लिहून ठेवला होता.

सुभद्राबाईंकडे लाल दोऱ्याची मोठी रीळ उरली होती. ती त्यांनी वाल्मिकला देऊन टाकली.

वाल्मिक त्यांच्याच भागातला, बावीस वर्षं इथे आठ लूम सांभाळणारा. पाळी बदलली की आपलं विणणं कुठून सुरू झालं त्याची खूण कारागीर करतात. बाकीचे पेन्सिलीने रेघ मारतात. वाल्मिकला ज्या उस्तादाने शिकवलं तो म्हणे, पेन्सिल पुसते, दोरा पुसत नाही. म्हणून वाल्मिक दर पाळीला किनारीला दोरा बांधतो. पूर्वी हिरवा बांधायचा. मावशीने दिला म्हणून लाल बांधू लागला.

महिनाभरात, यंत्र दोष मोजून कारागिरांची जी यादी लावायचं तिच्यात वाल्मिकचं नाव सगळ्यांत खाली गेलं. मयुरीबेनने त्याला दारापाशीच, माझ्या शेजारी बोलावलं.

"वाल्मिकभाई, तुमच्या प्रत्येक ताक्यात चार-पाच दोष येतायत. सोमवारपासून तुमचे लूम दुसऱ्याला द्यावे लागतील."

 वाल्मिक म्हणाला, "बेन, दोष कुठे आहे ते दाखवा ना."

"यंत्राने दाखवलंय."

"तुम्हाला दाखवलं असेल. मला नाही दिसलं." तो हळूच पुढे म्हणाला, "खराब कारागीर म्हणून इथून गेलो तर बमरोलीत दुसरा कोण लूम देईल मला?"

घडी घालता घालता सुभद्राबाई उठल्या. "ताका काचेवर टाका. माले दखू द्या."

"मासी, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. यंत्राचे डोळे थकत नाहीत."

"मन्ही बोटं अजून जागी शेत." त्यांच्या बोलीत 'शे' म्हणजे आहे आणि 'शेत' म्हणजे आहेत.

आत बसलेले गोपालशेठ बाहेर आले. "एक वार जोई ले, बेटा," ते सुनेला म्हणाले. "बघायला काय जातं?"

खोकी उतरली. सुभद्राबाईंनी पदराने मला पुसलं. ट्यूब दोनदा लुकलुकल्या आणि लागल्या. कितीतरी दिवसांनी माझ्यावर ताका पसरला होता. यंत्राने पाच ठिकाणं सांगितली होती. पहिल्या ठिकाणी कापड स्वच्छ. दुसऱ्या ठिकाणीही स्वच्छ. तिसरं आणि चौथं तसंच. पण चारही ठिकाणी किनारीला एक एक लाल गाठ होती.

सुभद्राबाईंचा हात थांबला. "वाल्मिक, हाऊ दोरा तुना शे का?"

"हा, मनाच शे. तूच तं रीळ दिन्ही."

त्यांनी ती गाठ चिमटीत धरली. मयुरीबेनला काही कळेना. मग सुभद्राबाईंनी तिला सावकाश सांगितलं, की दोषाच्या खुणेसाठी त्या बांधायच्या तोच हा लाल दोरा, आणि वाल्मिक तो फक्त पाळीची खूण म्हणून बांधतो. मयुरीबेनने एक नवाकोरा, निर्दोष तुकडा घेतला, त्याला लाल दोरा बांधला आणि यंत्रातून सोडला. लाल दिवा लागला. दोरा काढून तोच तुकडा पुन्हा सोडला. दिवा लागला नाही.

 यंत्राने दोषाबरोबर दोषाशेजारची गाठही शिकून ठेवली होती.

"आणि पाचवं ठिकाण?" मयुरीबेनने विचारलं. तिथे गाठ नव्हती. सुभद्राबाईंनी तीनदा बोटं फिरवली आणि मान हलवली. मयुरीबेन मोबाईलचा उजेड तिरका धरून वाकली. केसाएवढी एक रेघ दूरवर गेली होती. वाल्मिकने पाहिली आणि लगेच म्हणाला, "ही माझी. ताण सैल राहिला माझ्याकडून."

म्हणजे पाचांत एकदा यंत्र खरं होतं, आणि तेही जिथे माझी सुभद्राबाई चुकली तिथे. मला हे सांगायला जड जातं, पण जे दिसलं ते झाकायचं नाही हा माझा धर्म आहे.

वाल्मिकचे लूम वाल्मिककडेच राहिले. सोमवारी त्याने परत हिरवा दोरा आणला. यंत्राला नव्याने शिकवलं गेलं. मयुरीबेन म्हणते, आता ते लाल दोऱ्याला फसत नाही. नसेलही फसत. पण मित्रांनो, माझी शंका जात नाही. त्या दोन महिन्यांत कॅमेऱ्याने फक्त दोराच पाहिला का? सुभद्राबाईंच्या हाताची सावली पाहिली, बांगड्यांची चमक पाहिली, दुपारनंतर त्या थकायच्या तेही पाहिलं. त्यातलं काय काय त्याने दोष म्हणून मनात धरलंय हे त्याला विचारता येत नाही, आणि विचारलं तरी तो सांगत नाही.

गोपालशेठांनी तेव्हापासून एक नियम केला आहे. यादी यंत्राने करावी, पण कुणालाही काही बोलण्याआधी ताका काचेवर यावा. मागच्या आठवड्यात राघो नावाच्या कारागिराचं नाव खाली गेलं. मयुरीबेन आधी माझ्याकडे आली. तिने स्वतः ट्यूब लावल्या, सुभद्राबाईंना शेजारी बसवलं आणि राघोला बोलावलं. या वेळी यंत्र सगळीकडे खरं होतं. राघोने वाकून एक एक दोष पाहिला. त्याची मान खाली गेली, पण तो भांडला नाही. "दिसलं बेन," म्हणाला. "आजपासून नीट बघतो."

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या हाताखाली माझ्यासमोरच्या यंत्राहून कितीतरी हुशार यंत्रं असतील. त्यांना जरूर कामाला लावा. माझी एवढीच विनंती आहे, की एखाद्या माणसाचं नाव खाली घालण्याआधी त्याचा ताका त्याच्या डोळ्यांसमोर पसरा. त्यासाठी कारखान्यात एक तरी काच ठेवा आणि ती रोज पुसा.