जागा धरणारा दुपट्टा

"काका, ही बस दिग्रसले जाते का?"

मित्रांनो, नागपूरच्या शहर-बसला असा प्रश्न कुणी विचारतं का? पण मैत्रेयीने विचारला! तिच्या गावच्या, म्हणजे दूरच्या दिग्रसच्या, मैत्रिणींनी पैजच लावली होती, "कंडक्टरले विचारून दाखव, तवा मानू तुले!" त्या एका प्रश्नाने माझी काय गत झाली, ते ऐका.

मी एक जुना दुपट्टा आहे, मैत्रेयीच्या बाबांच्या, धर्मपालांच्या खांद्यावरचा. ते कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होते. दिवसभर मी त्यांच्या नाकातोंडाला बांधलेला, आणि संध्याकाळी कापूस लागून पांढरा म्हातारा होऊन घरी! पुढे कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंग आठ-आठ दिवस बंद राहू लागली, घरात नवं कापड येईना. मग घाम पुसायला मी, भाकरी बांधायला मी, उन्हात डोक्याला मीच. पण माझं खरं नाव झालं ते एसटीत. गाडी लागली रे लागली की मैत्रेयी मला खिडकीतून सीटवर फेकायची. मी पडलो की जागा आपली! भलेभले मिशीवाले मला बघून मागे सरकायचे.

दहावीनंतर मैत्रेयीला नागपूरला शिकायचं होतं. बाबा म्हणत, "येवढ्या मोठ्या शहरात एकटी कशी फिरशीन? हरपशीन, माय!" शेवटी आईला, कौसल्याबाईंना, सोबत घेऊन बापलेक कॉलेज बघायला निघाले. बाबांच्या खांद्यावर मी होतोच.

नागपूरच्या स्टँडबाहेर शहर-बस आली. मैत्रेयीने सवयीने मला खिडकीतून आत टाकलं, दाराशी धावली आणि पैजेचा प्रश्न विचारला.

"दिग्रस? नही जाती, बेटा!" कंडक्टरने घंटी मारली आणि बस निघाली. मी आत, सगळे बाहेर!

मी घाबरलो, पण खोटं कशाला सांगू, मजाही वाटली! खिडकीची सीट, उंच इमारती, उड्डाणपूल! तेवढ्यात एका मावशींनी मला उचलून दांडीला अडकवलं आणि त्या माझ्या जागेवर खुशाल बसल्या. इथे माझा शब्द चालत नव्हता.

शेवटच्या थांब्यावर, हिंगण्याला, कंडक्टर माझी धूळ झटकत होता, तोच मागून आलेल्या बसमधून मैत्रेयी उडी मारून उतरली. मागे घामाघूम बाबा आणि हसणारी आई.

"अरे, दिग्रसवाली! इथवर कशी आली?"

"तुमच्या गाडीवर हिंगणा लिहेल होतं ना, काका! विचारत विचारत बर्डीच्या मोठ्या चौकात आलो, तिथून गाडी बदलली."

बाबा म्हणाले, "मी म्हनलं, जाऊ दे दुपट्टा, घरी चाला. पन हे पोट्टी आयकते कुठी!"

"अन् बर्डीले भलत्याच गाडीत कोन चढून राह्यलं होतं?" आई म्हणाली. "हरपनार होते ते तुमी!"

मित्रांनो, मी विटलोय, माझे काठ उसवलेत. तरी जुनी वस्तू टाकू नका. कुणी आपल्याला शोधत इतक्या लांब येतं, तेव्हा कसं वाटतं, ते मला विचारा!

मैत्रेयीने मला घेतलं आणि बाबांच्या नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"आई, बाबा, आयका. आता कॉलेजची गाडी मी पाह्यतो, तुमी फक्त माह्या मागं या. अन् जुलैपासून मी इथंच शिकनार. हा दुपट्टाबी माह्यासंगच राहीन!"