मास्तरांच्या गाडीचं मागचं पोट

भंगारवाला पाचला येणार होता आणि साडेतीन वाजले तरी मास्तरांच्या गाडीचं मागचं पोट अजून जमिनीवरच होतं.

पोट म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधलं लोखंडी हाउसिंग. इंजिनाची ताकद त्याच्या आतल्या दातेरी चक्रांतून चाकांकडे जाते. सासऱ्यांची ही जुनी गाडी अकरा वर्षं अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झालेल्या पोरासारखी. शेवटी मास्तरीणबाईंनी सकाळी निकाल दिला होता.

"अहो, आज पाचपर्यंत ही आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर राहील. नाहीतर माझ्या वडिलांची असली तरी भंगारात. मला कपडे वाळत घालायला जागा हवीय."

निवृत्त झाल्यापासून मास्तर सकाळी उठायचे ते या गाडीसाठी. ती गेली की उरणार काय, तर पेपर आणि भाजी निवडणं.

हाउसिंग उतरवलं तेव्हा निम्मे भाग गैरहजर. स्प्रिंगवर टेकायच्या दोन बैठकांचा गंजून भुगा झालेला. तेलाच्या भोकांची दोन्ही बुचं गायब, एका भोकात कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकलेली.

"मास्तर, बैठका नव्या केल्यात," मदतीला बोलावलेला वेल्डर म्हणाला, "पण लावू कुठल्या बाजूला? हे वरून-खालून सारखंच दिसतंय."

"अरे, चित्र आहे ना माझ्याकडे!" मास्तरांनी छाती फुगवली. चौतीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. गाडी खोलण्याआधी तिच्याखाली उताणं पडून त्यांनी प्रत्येक नट कागदावर रेखाटला होता, सावल्यांसकट. "समोर दिसतात तशाच लाव. माझ्या चित्रावर शंका घेणारा अजून जन्मायचाय."

ठिणग्या उडाल्या. मास्तर आनंदानं इकडून तिकडे नाचत होते. सगळं बसलं, बोल्ट आवळले गेले. आणि तेल ओतायचं भोक चक्क वरच्या बाजूला सापडलं!

"बघ, जुन्या लोकांनी किती सोयीचं केलंय!" मास्तर म्हणाले. वेल्डरनं डोकं खाजवलं, पण वेळ कुणाला होता?

पावणेपाचला भंगारवाला आला, तोही हातोडा घेऊन. कट्ट्यावर बसून तो गाडीकडे जावयानं ताटाकडे बघावं तसा बघू लागला.

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं! फाटक मागे होतं, म्हणून मास्तरांनी रिव्हर्स टाकला.

गाडी पुढे गेली.

धुण्याची बादली चपटी झाली. मास्तरांनी गियर काढला, पुन्हा नीट रिव्हर्स टाकला. गाडीनं भिंतीवरच्या दोन कुंड्या खाली घेतल्या.

"अहो, मागे, मागे!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"अगं, मागेच टाकलाय!"

वेल्डर एकदम पांढरा पडला. "मास्तर, चित्र काढताना तुमचं तोंड कुठं होतं?"

"वर, गाडीच्या पोटाकडे."

"आणि मी बैठका लावल्या वरून बघत. खालच्या बाजूला हव्या होत्या त्या! त्या स्प्रिंगवर टेकवायच्या नादात आख्खं पोट उलटं बसलंय, म्हणून चाकंही उलटी फिरतात. आता हिला पुढं जायचा एक गियर आहे आणि मागं जायचे तीन!"

भंगारवाल्यानं घड्याळ पाहिलं. पाचला तीन मिनिटं.

"तीन?" मास्तरांचे डोळे चमकले. "अरे मग मला आणखी काय हवंय?"

त्यांनी पहिला टाकला. गाडी तीरासारखी मागे सुटली. भंगारवाला हातोडा टाकून कट्ट्यापलीकडे पडला. फाटकाचा एक कोपरा गेला, पण गाडी बाहेर! भर रस्त्यात, आपल्या चाकांवर!

"बाई, हे चालायचं नाही," भंगारवाला उठता उठता ओरडला, "उलटी गेली ती!"

"मी बाहेर म्हटलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोंड कुठल्या बाजूला ते बोलले नव्हते." पदर खोचून त्या मागच्या सीटवर चढल्या आणि गुडघे टेकून मागच्या काचेतून रस्ता बघू लागल्या.

"सरळ घ्या. आता डावीकडे! अहो, तुमचं डावं नाही, माझं! सायकलवाला येतोय, थांबा... गेला. आता रस्ता मोकळाय, तिसरा टाका की!"