तिसऱ्या बाईची नी-कॅप

मित्रांनो, आधी माझी ओळख करून देते, कारण मला बघून कोणी ओळखेल असं वाटत नाही. मी नी-कॅप. गुडघ्यावर चढवायची, मातकट रंगाची, मोज्यासारखी विणलेली. वय अकरा वर्षं, म्हणजे आमच्या जातीत म्हातारीच. माझ्या रबराचा जोर गेलाय, कडा सैल पडल्यात आणि एका बाजूला काळ्या दोऱ्याची शिवण आहे, तीही उसवलेली. मला फेकून दिलं तरी माझी तक्रार नाही. पण त्याआधी मला काहीतरी सांगायचंय. आतल्या आत ठेवून ठेवून मी अगदी रडकुंडीला आलेय.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमधला. तिथं आम्हाला यंत्रावर विणतात आणि जोडीनं खोक्यात भरतात. माझी बहीण आणि मी कोथरूडच्या एका औषधाच्या दुकानात काही महिने बसलो. मग आम्हाला आनंदीबाईंसाठी घरी नेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. "नुसत्या काचतात मेल्या!" असं म्हणत आनंदीबाईंनी आम्हाला चार वर्षं वापरलं. शेजारीण आली की मात्र सांगायच्या, "ह्या आहेत म्हणून जिना चढते हो मी." ते ऐकलं की आमची छाती फुगायची. पुढे त्यांची ऑपरेशनं झाली, गुडघे नवे आले आणि आम्ही रिकाम्या झालो. बहीण मोरीतल्या गळक्या नळाला गुंडाळली गेली. मी ड्रॉवरमध्ये संपलेल्या सेलांच्या शेजारी पडले. पाच वर्षं पडले होते. मला कोणीतरी बाहेर काढावं म्हणून मी तेव्हा झुरायचे. किती मूर्ख होते मी!

आनंदीबाईंची सून म्हणजे वासंतीबाई. त्या शाळेत गणित शिकवतात, वय एकोणपन्नास. त्यांचा मुलगा अनंत खराडीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार फ्रिस्बी खेळतो. आनंदीबाई त्याला 'ताटलीफेक' म्हणतात. खेळ असा असतो. सात विरुद्ध सात. प्लॅस्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकत पुढे न्यायची. ती हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं. समोरचा दहापर्यंत आकडे मोजतो, तेवढ्यात ती दुसऱ्याला द्यायची. पलीकडच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात झेलली की एक पॉइंट. जमिनीवर पडली की ती पलीकडच्यांची. आणि ह्या खेळात पंच नसतो. धक्का लागला तर तो ज्याला लागला त्यानंच सांगायचं. कोणी बघायला नसतं, म्हणून खोटं बोलायचं नसतं.

वासंतीबाई त्याच मैदानावर सकाळी फिरायला जायच्या. एकदा सरावाला एक बाई कमी पडली. अनंतच्या संघात बायकापुरुष एकत्र खेळतात, मैदानात चार पुरुष आणि तीन बायका लागतातच. अनंत म्हणाला, "आई, तू नुसती उभी राहा." त्या उभ्या राहिल्या. तबकडी हातात आली, त्यांनी मनगट झटकलं, आणि ती सरळ रेघेत मैदानाच्या पार टोकाला गेली. वाघोलीची प्रेमला तिकडं पळत होती, तिनं ती झेलली आणि तिथूनच ओरडली, "काकू! काय हात हाय तुमचा!"

त्या दिवशी वासंतीबाई घरी आल्या त्या गुणगुणतच. का ते सांगते. लहानपणी त्यांना कोणी कुठल्याच संघात घेतलं नव्हतं. खो-खो सुरू झाला की त्या कडेला बसून बाकीच्या मुलींच्या चपला सांभाळायच्या. एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं नाव घेऊन मैदानात बोलावत होतं. पळणं त्यांच्याच्यानं फारसं व्हायचं नाही, पण मागं उभं राहून फेकायला त्यांच्याएवढं कोणी नव्हतं.

वर्षभरानं बँकॉकच्या स्पर्धेचं ठरलं. शनिवार-रविवार, सहा मॅच. सहा पुरुष, आणि बायकांत हेमा, प्रेमला आणि आणखी एक मुलगी. वासंतीबाई चौथ्या, लागल्याच तर म्हणून. मग त्या तिसऱ्या मुलीचा साखरपुडा नेमका त्याच शनिवारी निघाला. झालं! आता वासंतीबाई तिसऱ्या. त्या नाहीत तर संघ नाही.

आणि पाच आठवडे आधी सरावात त्यांचा डावा गुडघा मुरगळला.

डॉक्टरांनी गुडघा इकडेतिकडे हलवून पाहिला आणि म्हणाले, "गणित शिकवता ना? मग सोप्या भाषेत सांगतो. पळणं शून्य. वळणंही शून्य." वासंतीबाईंनी मान डोलावली. घरी येऊन म्हणाल्या, "काही नाही, जरा लचक भरलीये." दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं. मी त्यांच्या पायावर ढगळ झाले होते. त्यांनी सुईदोरा घेतला, मला एका बाजूनं दुमडून घट्ट टीप घातली आणि पायावर चढवलं. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढी एकच वेळ धर गं बाई."

मित्रांनो, मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं. अहो, मी जिना चढणाऱ्या म्हातारीसाठी विणलेली! आतला गुडघा मला कळत होता. पाय वळला की आत काहीतरी जागचं सरकायचं आणि परत यायचं. पण नी-कॅपला तोंड कुठं असतं? मी आवळून धरायचं तेवढं धरलं. त्या माझ्यावरून लांब पायजमा घालायच्या. कोणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही." हेमानं विचारलं, काही नाही. आनंदीबाईंनी विचारलं, काही नाही. तबकडी बाहेर पडली की आत, हा वाद झाला की ह्याच बाई स्वतःच्या संघाविरुद्धसुद्धा खरं सांगायच्या. फक्त माझ्याबद्दल खोटं बोलायच्या.

बँकॉकचं ऊन पुण्याच्या उन्हासारखं नाही. ते अंगाला चिकटतं. शनिवारी तीन मॅच झाल्या आणि तिन्ही हरलो. पुरुष सहा होते, ते आलटून पालटून बसायचे, पाणी प्यायचे. बायका तीनच, त्यांना बसायची सोय नव्हती. प्रत्येक पॉइंटला वासंतीबाई मैदानात. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं डावा पाय रोवायचा असतो. म्हणजे तबकडी हातात आली की अंगाचा सगळा भार त्याच गुडघ्यावर, आणि त्याच्यावरच गर्रकन वळायचं, एकदा इकडं, एकदा तिकडं. वळता वळता माझ्या शिवणीचा एकेक टाका तुटत होता. मी मोजत होते. संध्याकाळपर्यंत सात तुटले.

रविवारी सकाळी दोन मॅच, दोन्ही हरलो. आता शेवटची उरली, बारा संघांत अकरावं कोण आणि बारावं कोण हे ठरवायची. तुम्ही हसाल. पण त्या नऊ जणांचे चेहरे बघायला हवे होते. सुट्ट्या टाकून, घरच्यांची बोलणी ऐकून एवढ्या लांब आलेली माणसं, आणि एकही मॅच न जिंकता परत जायचं! अनंतचा आवाज पार बसला होता. "एक तरी, प्लीज, एक तरी," एवढंच तो म्हणत होता. वासंतीबाईंनी मला वर ओढलं.

समोर मलेशियाचा एक संघ होता. दहा-दहा झाले आणि वेळ संपली. आता पुढचा पॉइंट करेल तो जिंकणार. तबकडी आमच्याकडे होती. माझ्या शिवणीला दोन टाके उरले होते.

तबकडी मागं वासंतीबाईंकडे आली. त्यांनी डावा पाय रोवला. त्यांच्यासमोर एक उंच बाई उभी राहिली, केसांत पांढरी झाक, आणि मोठ्यानं आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन. वासंतीबाई उजवीकडे वळल्या, तिथं वाट नव्हती. चार, पाच. माझा एक टाका गेला. देवा, आता टाक ना गं, मी मनात ओरडत होते, कोणाकडेही टाक, पण वळू नकोस! सहा, सात. लांब प्रेमला सुटली होती, दोन्ही हात वर करून पळत होती, तिच्या आसपास कोणी नव्हतं. आठ. वासंतीबाई डावीकडे वळल्या आणि त्यांनी हात मागं घेतला. त्याच क्षणी माझा शेवटचा टाका तुटला, मी सैल पडले आणि आत गुडघा जागचा सुटला. तबकडी वेडीवाकडी उडून दहा पावलांवर जमिनीवर पडली. वासंतीबाई कोसळल्या.

सगळे धावत आले. ती उंच बाई तर घाबरून गुडघ्यांवरच बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "माझा हात लागला का तुम्हाला? लागला असेल. तुम्ही सांगा. फाउल म्हणा, मला मान्य आहे."

फाउल म्हटलं असतं तर ती फेक रद्द झाली असती. तबकडी परत आमच्याकडे आली असती, प्रेमला तशीच मोकळी सापडली असती. अनंत घोगऱ्या आवाजात ओरडला, "आई, फाउल म्हण! ती स्वतः म्हणतीये ना! म्हण की!" संपत नावाचा आमचा एक खेळाडू होता, त्यानं तर हातच जोडले. "काकू, एक शब्द फक्त."

मित्रांनो, वासंतीबाईंना कोणी शिवलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या कोणाला कधी कळलं नसतं. वासंतीबाईंनी माझ्यावर हात दाबून धरला होता. त्यांनी अनंतकडे पाहिलं. मग त्या बाईंना इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचा हात नाही लागला. माझा गुडघा आधीच गेलेला होता. पाच आठवडे झाले." आणि अनंतकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "दुखतंय रे. फार दुखतंय."

एवढं बोलल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

त्यांना उचलून कडेला नेलं. आमच्याकडे चौथी बाई नव्हती, म्हणून समोरच्यांनीही आपला एक माणूस बसवला. सहा विरुद्ध सहा. दोन मिनिटांत त्यांनी पॉइंट केला. आम्ही बारावे आलो.

बाकीचे हस्तांदोलन करायला गेले. अनंत गेला नाही. तो आईच्या पायाशी बसला, पायजमा वर केला आणि मला हळूहळू खाली ओढून काढलं. गुडघा तोवर पपईएवढा सुजला होता. माझ्याकडे बघून तो दचकला नाही. माझ्या ते लगेच लक्षात आलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिसऱ्याच दिवशी बाल्कनीत टॉवेलखाली वाळत घातलेली पाहिली होती मी ही. आजीची आहे हेही ओळखलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारत होतो की रोज. 'बरी आहेस ना?' असं विचारत होतो. 'दुखतंय का?' असं नाही विचारलं. तसं विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. आणि मला तिसरी बाई हवी होती, आई."

वासंतीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मलाही तसंच विचारलेलं हवं होतं रे," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला घरी बसवलं असतंत."

त्यांचं ऑपरेशन झालं. जिना आता एकेक पायरीनं चढतात. पळणं कायमचं बंद. शनिवारी सकाळी अनंत शूज घालतो तेव्हा त्या मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करतात. मला अनंतनं धुऊन त्याच्या कपाटात ठेवलंय. का ठेवलंय ते तो सांगत नाही. कपाट उघडलं की त्याला मी दिसते आणि तो नजर चुकवतो. मलाही त्याच्याकडे बघवत नाही, कारण मी धरून ठेवलं म्हणून तर ते दोघं पाच आठवडे गप्प राहू शकले. मी पहिल्याच दिवशी फाटायला हवं होतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या नी-कॅपचं एवढं ऐका. तुमच्या घरात कोणी लंगडताना दिसलं, जिन्यावर थांबताना दिसलं, तर 'बरी आहेस ना' असं विचारू नका. त्या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. 'दुखतंय का?' असं विचारा. आणि विचारलं की तिथंच थांबा, कारण खरं उत्तर यायला वेळ लागतो. आमच्या घरी पाच आठवडे लागले, आणि तोवर गुडघा गेला होता.